तेजराम कापगतेने बँजो निवडला

सहा महिन्यांत तेजराम कापगतेने मेंडोलिनच्या तारा तीनदा बदलल्या. पहिल्यांदा त्याने तारा बनवणाऱ्याला नावं ठेवली, दुसऱ्यांदा हवेला. तिसऱ्यांदाही सगळ्यात बारीक तार छेडली की नखाचा नुसता टक् एवढाच आवाज आला, पुढे काही नाही. तेव्हा त्याने मेंडोलिन खोळीत घातलं आणि बायकोला, ममताला सांगितलं, "बसला याचा आवाज. जुनं झालं."

ममताला ती तार स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू येत होती.

तेजराम सत्तावन्न वर्षांचा. त्याचे वडील आमगावकडची शेती भावांवर सोडून भिलाईच्या कारखान्यात लागले, त्यांच्या मागोमाग तो. तीस वर्षं त्याने रेल मिलमध्ये क्रेन चालवली. चाळीस फूट उंच केबिन, खाली तापलेले रूळ आणि आठ तास न थांबणारा खणखणाट. सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये तो, ममता आणि मुलगी नीतू असे तिघं राहत. शुक्रवारी भजन मंडळात मेंडोलिन वाजवायचं, एवढाच त्याचा शौक. गाणं त्याला येत नसे आणि बोलणं तर त्याहून कमी.

मंडळातल्या कोणीतरी सुचवलं, मेंडोलिनचा आवाज बसला असेल तर बँजो घ्या, दणदणीत वाजतो. भिलाईत बँजो म्हटलं की लोकांना लग्नाच्या पार्टीतला आठवतो, टाइपरायटरसारखी बटणं दाबायचा. तेजरामला हवा होता तो दुसरा, डफासारखं गोल चामडं आणि लांब मान असलेला. त्यातल्या चार तारांच्या टेनर बँजोवर बोटं मेंडोलिनसारखीच पडतात, नव्याने काही शिकावं लागत नाही. वैशाली नगरात राजदीप नावाचा माणूस गिटार दुरुस्त करायचा, त्याच्याकडे असे दोन बँजो आल्याचं कळलं. फोन नीतूने केला. हल्ली सगळे फोन नीतूच करत होती, कारण बाबांच्या मोबाइलचा आवाज म्हणे फाटत होता.

रविवारी सकाळी तो आणि नीतू स्कूटीवरून गेले. राजदीपने दोन्ही बँजो टेबलावर ठेवले. एक चकचकीत, पाठीमागे लाकडाची बंद वाटी असलेला. दुसरा नवाच, पण जुन्या नमुन्यावर बनवलेला: पाठ उघडी, गोल कड्याभोवती चामडं ताणून धरणारे पितळेचे आकडे, वर बकऱ्याचं चामडं.

तेजरामने दुसरा उचलला आणि त्याचा जीव जरा थाऱ्यावर आला. हाताला सगळं कळत होतं. त्याने मान डोळ्यांसमोर धरून सरळ आहे का पाहिलं, आकडे चाचपले, चामड्यावर अंगठा दाबला. राजदीप खूश झाला. "अंकल को समझता है," तो नीतूला म्हणाला. मग त्याने बँजो परत घेतला आणि पाठ फिरवून बसला. "अब देखना मत. सिर्फ सुनो. दोनों बजाता हूँ, जो अच्छा लगे बोलो."

तेजरामला राजदीपचं तोंड दिसत नव्हतं, हात दिसत नव्हते. काहीतरी वाजलं, दूरच्या पत्र्यावर खडे पडावेत तसं. थांबलं. पुन्हा वाजलं. त्याला दोन्हींत काही फरक लागेना. बोलायला हवं होतं, कारण राजदीप मान वळवून वाट पाहत होता.

"दुसरा," तेजराम म्हणाला. "दुसरा साफ आहे."

राजदीप अवघडून हसला. "अंकल, दूसरे में ही तो झनझन है. पाँचवें परदे पर. वो घिसके देना पड़ेगा मेरे को."

"हाव, ते आहेच," तेजराम घाईने म्हणाला. "ते तर होऊन जाईन ना दुरुस्त."

नीतू त्याच्याकडे बघत राहिली. त्या परद्यावर, म्हणजे मानेवरच्या पट्टीवर, तार घासून येणारी ती झणझण इतकी उघड होती की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळली असती. "बाबा, आपन नंतर येऊ," ती म्हणाली आणि उठली.

स्कूटी सुपेल्याच्या रस्त्याला लागण्याआधीच तिने ती कडेला घेतली. तेजराम खाली उतरला. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुमची चप्पल तुटली."

तेजराम समोरचा रस्ता बघत होता. तिने पुन्हा तेच म्हटलं. मग ती समोर आली. तिचा चेहरा बघून त्याला कळलं की आपल्याला काहीतरी विचारलं गेलं होतं.

"कवापासून?" तिने विचारलं.

"काय कवापासून?"

"बाबा, मी मागं उभी राहून बोलून राहिली होती. दोनदा."

तेजराम फूटपाथच्या कडेला बसला. "वर्ष झालं असन," तो म्हणाला. "जाडा आवाज येते. बारीक नाई येत."

"मंग क्रेनवर कसं आयकता तुमी?"

याच प्रश्नाला तो वर्षभर घाबरत होता. क्रेनवाल्याला खालचा माणूस हाताने खुणा करतो. पण खालचं दिसत नसेल, वाफ असेल, तर वॉकीटॉकीवरच्या आवाजावरच सगळं चालतं. खाली उभा राहणारा दयाराम, त्याच्याबरोबर एकोणीस वर्षं काम केलेला. मागच्या बुधवारी दयाराम वॉकीवर "थांबा" म्हणाला होता. तेजरामला नुसती खरखर आली. त्याला वाटलं, खाली घ्या म्हणतोय. रुळांची मोळी खाली जात राहिली. वाफ जरा हलली तेव्हा दयाराम बाजूला उडी मारताना दिसला आणि तेजरामने हँडल ओढलं. मोळी त्याच्या हेल्मेटपासून वीतभरावर थांबली. दयारामला वाटलं, ब्रेक अडकला. तेजरामनेही तेच सांगितलं.

हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. आता फूटपाथवर बसून सांगितलं. मागच्या वर्षीच्या कानाच्या तपासणीत आवाज आला की दाबायचं ते बटण आपण तपासणाऱ्या पोराचा हात बघून दाबत होतो, हेही सांगितलं.

नीतूचे डोळे भरून आले, पण आवाज करडा झाला. "उद्या वर चढू नका."

"तीन साल राहिले, बेटा. अनफिट लिहिलं तं काय करन मी? लोकं काय म्हनतीन?"

"आनि दयारामकाकाले काई झालं असतं तं?"



सोमवारी पहाटे पाचला तो नेहमीसारखा उठला. ममताने डबा भरताना त्याच्या समोर येऊन, ओठ नीट हलवत विचारलं, "सांगनार ना?" म्हणजे तिलाही माहीत होतं. किती दिवसांपासून, ते विचारायचं त्याला धैर्य झालं नाही.

मिलमध्ये क्रेनच्या शिडीपाशी तो उभा राहिला. एक हात दांड्यावर. दयाराम खालून काहीतरी बोलला, हसत. एरवी तेजराम अशा वेळी नुसता हसून चढून गेला असता. आज त्याने दांडा सोडला. "मले आयकू नाई आलं तू काय म्हटलं ते," तो म्हणाला. "बुधवारीबी नाई आलं होतं. ब्रेक नव्हता अडकला."

दयारामच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने हेल्मेट काढलं, हातात धरलं, आणि निघून गेला. तेजराम एकटाच शिफ्टच्या साहेबांकडे गेला आणि सगळं सांगून आला.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. तपासणी झाली, पुन्हा झाली. या वेळी त्याने डोळे मिटून घेतले. दोन्ही कानांचे वरचे सूर गेले होते आणि ते परत येणार नव्हते. मागची तपासणी कशी पार केली, याची चौकशी बसली. रोज सकाळी त्याला वाटे, आज चिठ्ठी येईल, आज काढून टाकतील. अखेर लेखी ताकीद मिळाली, क्रेन कायमची सुटली आणि टूल स्टोअरमध्ये बदली झाली. दयाराम त्याच्याशी बोलत नव्हता. एकदा स्टोअरमध्ये साखळ्या घ्यायला आला, सही केली, आणि जाताना तोंड वर करून, तेजरामला दिसेल असं, म्हणाला, "बरं केलं सांगतलं. पन आधी सांगाले पायजे होतं." तेजरामने मान हलवली. ते खरंच होतं.

बँजोचा विचार त्याने सोडून दिला होता. नीतूच त्याला पुन्हा वैशाली नगरात घेऊन गेली. या वेळी तेजरामने दुकानात शिरताच सांगितलं, "मेरे को बारीक आवाज सुनाई नहीं देता, भाई. उस दिन झूठ बोला मैं."

राजदीपने थोडा विचार केला. चकचकीत बँजो त्याने बाजूलाच ठेवला. त्याचा जोर सगळा वरच्या सुरांत होता. जुन्या नमुन्याच्या बँजोचा पाचवा परदा त्याने घासून ठेवलेला होता. त्यावर त्याने जाड तारा चढवल्या आणि मेंडोलिनपेक्षा एक सप्तक खाली लावल्या. मग बँजो तेजरामच्या हातात देऊन म्हणाला, "कड़े पे ठुड्डी टेको."

तेजरामने लाकडी कड्यावर हनुवटी टेकवली आणि जाड तार छेडली. आवाज जबड्यातून आला, मग छातीतून. दुसरी, तिसरीही आली. चौथी बारीक होती, खालच्या सप्तकात असूनही अंधुक, पण होती. त्याने चारही पुन्हा वाजवल्या, आणि पुन्हा. नीतूकडे बघून त्याने विचारलं, "झनझन आहे का आता?"

"नाई, बाबा."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग हाच घेऊ," तो म्हणाला.

पहिल्या शुक्रवारी तो नीतूला सोबत घेऊन मंडळात गेला. सूर चुकला तर आपल्याला कळणारसुद्धा नाही, ही धास्ती होती. तो ढोलकीवाल्याला चिकटून बसला, कारण सतरंजीतून ढोलकीची थाप अंगाला लागत होती. दुसऱ्या भजनाच्या मध्यात पेटीवाल्याने त्याला हात केला आणि वरच्या तारेकडे बोट दाखवलं. दमट हवेत चामडं ढिलं पडलं होतं, तार उतरली होती. सगळे थांबले. तेजरामचे कान तापले. मग त्याने बँजो उचलून मागे बसलेल्या नीतूकडे दिला. ती मोबाइलवर सूर बघत खुंटी पिळू लागली, आणि तो तिच्या हातांकडे बघत बसून राहिला.