नऊ जोड्या आणि वर एक

पितृपंधरवडा लागला की आमच्या म्हाताऱ्यांना बरे दिवस यायचे. एरवी ज्यांना आमच्या फाटकाकडे बघायलाही सवड नसायची, ते त्या पंधरा दिवसांत खिरीची पातेली घेऊन दारात हजर. गेलेल्यांच्या नावानं जिवंत म्हाताऱ्यांना जेवू घातलं की पुण्य लागतं, असा काहीतरी हिशेब असावा. आमच्यातले एक तात्या हसत म्हणायचे, "पंधरा दिस आमी पितर. सोळाव्या दिशी परत म्हातारे."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीहून इंदापूरकडे जाताना, कालव्याच्या अलीकडे आमचा वृद्धाश्रम होता. आजूबाजूचे लोक त्याला 'म्हाताऱ्यांचं बोर्डिंग' म्हणत. दोन लांब खोल्या, एक जेवणाची खोली, अंगणात लिंब आणि त्याभोवती पार. तिथं मी व्यवस्थापक होते. नर्सिंग शिकलेली, तिशी ओलांडलेली, आणि तोंडानं फटकळ. सगळे मला 'बाई' म्हणत. माझ्या शिस्तीचा मला फार अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या शिस्तीमुळंच घडलं.

आमच्याकडे वीस जण होते. कोण आहे, कोण नाही, हे बघायची माझी पद्धत सोपी होती. स्टीलची वीस ताटं. जेवणाच्या वेळी वीसच्या वीस ताटं मांडणीवरून उतरली की सगळे हजर. एखादं उरलं तर कोण आलं नाही ते बघायचं. माणसं मोजत बसायला मला वेळ नव्हता.

माणसं मोजायचे ते आबा. आबा जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले. मुलगा वालचंदनगरला कंपनीत, क्वार्टरच्या दोन खोल्यांत पाच माणसं, म्हणून आबा आमच्याकडे. रोज जेवणाच्या वेळी ते खोलीच्या दारात उभे राहायचे, काठी आडवी धरायचे आणि सगळ्यांना दोन-दोन करून आत सोडायचे. मेंढरं अशीच मोजतात म्हणे. स्वतःला सोडून एकोणीस माणसं, म्हणजे नऊ जोड्या आणि वर एक. ती वरची एक ठरलेली असायची. शेळगावच्या आजी. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, भिंतीला हात लावत त्या सगळ्यांच्या मागून यायच्या.

"आबा, ही माणसं आहेत, मेंढरं नव्हेत," असं मी शंभरदा म्हटलं असेल.

"व्हय की," आबा म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी आडवी.

सर्वपित्री अमावास्येला बारामतीच्या एका व्यापारी कुटुंबाची पंगत ठरली होती. मोठी माणसं. येताना फोटोग्राफर आणणार होते. आमचं छप्पर त्या वर्षी तीन ठिकाणी गळत होतं आणि ही मंडळी खूश झाली तर पत्रे मिळतील, अशी मला आशा होती. सकाळपासून मी सगळ्यांच्या मागं लागले होते. धुतलेलं नेसा, केस विंचरा, टोप्या घाला.

त्या गडबडीत शेळगावच्या आजी माझ्या टेबलापाशी आल्या. पदरात काहीतरी धरलेलं.

"बाई, आज मला गावाकडं जाऊ द्याल का? वाईच येळ. आमच्या मालकांचं पान ठिवायचं हाय. पोरगं ठिवत न्हाय वो. मागच्या सालीबी न्हाय ठिवलं."

"आजी, आज? तुम्हाला दिसत नाही, सोबतीला माणूस नाही. आणि बारा वाजता पाहुणे येणार."

"मी कालव्याच्या कडंनं जाईन. वाट सरळच हाय."

"काही नको. आज फोटो आहे. तुमची जागा मोकळी दिसली तर मी त्यांना काय सांगू?"

हे मी बोलले. शब्द न् शब्द मला आठवतो. आजी "बरं" म्हणून भिंतीच्या आधारानं निघून गेल्या. त्यांच्या पदरात सकाळच्या न्याहारीची भाकरी होती, हे मला संध्याकाळी कळलं.

बाराला टेम्पो आला. खीर, वडे, आमटी, कढी, सगळं साग्रसंगीत. यजमानीणबाई लगबगीनं मांडणीकडे गेल्या. ताटं वाढली जात होती आणि फोटोग्राफर मला "तुम्ही मागं उभ्या राहा, जरा हसा" असं सांगत होता. मी मांडणीकडे नजर टाकली. रिकामी. वीसच्या वीस ताटं उतरलेली. माझं काम झालं होतं.

तेवढ्यात दारातून आबा आले. बसले नाहीत.

"बाई, एक कमी हाय."

"आबा, बसा. पाहुणे खोळंबलेत."

"नऊ जोड्या झाल्या. वर कोन उरलंच न्हाय."

"वीस ताटं गेलीत, आबा! मोजायचं तर ताटं मोजा. आणि उद्यापासून ती काठी दारात दिसली तर मी चुलीत घालीन, सांगून ठेवते."

सगळ्यांसमोर बोलले. पाहुणे गालातल्या गालात हसले. आबा खाली बसले, पण त्यांनी घास उचलला नाही. मला वाटलं, रुसले. फोटो निघाला. मी त्यात हसते आहे.

पंगत उठली, पाहुण्यांचे हात जोडून झाले, टेम्पो गेला. पत्र्यांचं बघू म्हणाले. दोन वाजून गेले होते. आमची स्वयंपाकीण मागच्या दारी ताटं घासत होती. ती मला म्हणाली, "बाई, एक ताट छपरावर ऱ्हायलंय. त्या पाव्हण्या बाईंनी कावळ्यासाठी ठिवलंय. शिडी लावून काढू का?"

मी म्हटलं, काढ. चार पावलं गेले आणि वळून छपराकडे बघितलं. कावळ्याचं पान आमच्याच ताटात वाढलं होतं. म्हणजे माणसांची ताटं एकोणीस.

मी आजींच्या खोलीत पळाले. खाट नीट आवरलेली. त्यांची बाहेर जायची काठी नाही. संडास बघितले, पाण्याची टाकी बघितली, मागचं परसू बघितलं. फाटकापलीकडे चहूकडे ऊस, डोक्याहून वर गेलेला. आणि उसाच्या पलीकडे कालवा. शेतीच्या पाण्याची पाळी सुटली होती, कालवा काठोकाठ भरून चालला होता. सकाळीच ते माझ्या कानावर आलं होतं आणि मी विसरून गेले होते.

आबा फाटकापाशी उभेच होते. पायताण घातलेलं, काठी हातात. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी. फक्त म्हणाले, "चला."

स्वयंपाकिणीला बाकीच्यांपाशी ठेवून आम्ही दोघं निघालो. कालव्याच्या भरावावर रात्रीच्या सरींनी माती ओली होती. आबा वाकून चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. मातीत डाव्या बाजूला आजींच्या काठीची भोकं, उजवं पाऊल जरा बाहेर टाकलेलं. त्यांना ते वर्तमानपत्रासारखं वाचता येत होतं. मला चिखल दिसत होता.

अर्ध्या कोसावर धुणं धुवायच्या पायऱ्या होत्या. खालच्या पायरीवर, पाण्याला टेकून, एक चप्पल पडली होती. एकच. निळ्या पट्ट्याची. ती मीच आजींना बाजारातून आणून दिली होती.

मी पाण्याकडे बघत राहिले. पाणी गढूळ, वेगानं चाललेलं, त्यात काही दिसायची सोय नाही. खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मनात पहिला विचार आजींचा आला आणि लगेच दुसरा माझ्या नोकरीचा. ट्रस्टींना काय सांगू, पोलिसांना काय लिहून देऊ. त्या दुसऱ्या विचाराची मला आजही लाज वाटते.

"आबा, त्या..." मी पाण्याकडे बोट केलं.

आबा पायऱ्यांवर उकिडवे बसले होते. मग वर चढले आणि भरावावर काठीचं टोक टेकवलं. "पाय धुतल्यात हितं. एक चप्पल पान्यानं न्हेली आसंल. हितनं म्होरं अनवाणी गेलीया. ही बगा बोटं."

मी बघितलं. पाच बोटं उमटली होती, पुढच्या दिशेनं. मी रडायला लागले तर आबा म्हणाले, "मागनं रडा."

पुढं भराव अरुंद होत गेला. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला शेताला पाणी नेणारी चारी, तीही भरलेली. वळण घेतलं आणि आजी दिसल्या. भरावाच्या अगदी कडेला बसलेल्या, काठी मांडीवर, दोन्ही हात मातीत रोवलेले. कालव्याचं पाणी त्यांच्यापासून हातभर अंतरावर. दोन्हीकडून पाण्याचा आवाज, त्यामुळं वाट कुठली आणि पाणी कुठलं हे त्यांना उमगत नव्हतं. म्हणून बसल्या होत्या. किती वेळ, देव जाणे.

मी हाक मारायला तोंड उघडलं. आबांनी माझा दंड इतका जोरात धरला की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ होते.

"हाक मारू नगा. बुजलेलं जितराब हाकंसरशी उठतं आन् जितं तोंड आसंल तितं पळतं. त्यांचं तोंड पान्याकडं हाय."

मला तिथंच बसवून ते एकटे गेले. घाई नाही, लपूनछपून नाही. चालता चालता साधंसुधं बोलत होते, स्वतःशी बोलावं तसं. यंदा ऊस बरा हाय. पाळी येळंवर सुटली. आमची मेंढरं ह्याच वाटंनं जायची. त्यांचा आवाज हळूहळू जवळ जात होता आणि आजींची मान हळूहळू त्या बाजूला वळत होती. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून बसले होते. आबा आजींच्या आणि पाण्याच्या मधल्या हातभर जागेत जाऊन बसले, आपली काठी आजींच्या हातात दिली आणि म्हणाले, "धरा. आता उठा."

मी धावले. आजींचे हात गार पडले होते. त्यांना मिठी मारून मी बडबडत होते, "आजी, माझं चुकलं, मी पाठवायला हवं होतं, कुणालातरी सोबत द्यायला हवं होतं."

आजी माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाल्या, "गावापतूर न्हाय जमलं. हितंच ठिवलं पान, दगडावर. कावळा आला व्हता. चोचीचा आवाज आला मला. जेवलं ते." त्या हसल्या. "तुमची पंगत झाली का?"

दिवस मावळायच्या आत आम्ही परतलो. सगळे लिंबाखाली उभे होते. जेवणाची वेळ झाली तशी आबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी काठी दारात आडवी धरली आणि दोन-दोन सोडायला सुरुवात केली. नऊ जोड्या गेल्या. शेवटी मी आजींचा हात धरून दारापाशी आले. काठी वर झाली.

"धा जोड्या," आबा म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला मोजलं.

दिवाळीनंतर मी स्वतः आजींना बारामतीला नेऊन मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं. दरम्यान तो फोटो चौकटीत बसून आला होता, पत्र्यांबरोबर. मी तो जेवणाच्या खोलीत लावला होता. लावायलाच हवा होता, पत्रे त्यांचे होते. डोळ्यांची पट्टी निघाल्यावर आजी पहिल्यांदा एकट्या, भिंतीला हात न लावता, जेवणाच्या खोलीत आल्या आणि फोटोसमोर थांबल्या. एकेक चेहरा बघत गेल्या. इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. त्या कुणाला शोधताहेत हे मला कळत होतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"बाई," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "तुमी उगाच घोर केला व्हता. जागा काय मोकळी दिसत न्हाय बगा."

त्या माझं समाधान करत होत्या. मी स्टूल ओढलं, वर चढले आणि फोटो काढून घेतला.