मडिवाळप्पा वस्ताद गप्प बसतात

डिसेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी मडिवाळप्पा बैलाशी बोलत होते. सोलापुरात बाळीवेशीच्या आत एका अरुंद बोळात त्यांचा लाकडी तेलघाणा आहे. बैलाच्या डोळ्यांना झापडं होती. घाण्याच्या लाटेवर, म्हणजे बैल ओढतो त्या आडव्या लाकडावर, वजनासाठी ठेवलेल्या दगडाशेजारी स्वतः मडिवाळप्पा बसले होते आणि उखळात करडई रगडली जात होती.

"नडी बसवा, नडी. काल चाललास तसं चाल की. मास्तर आलेत, लाज काढू नको."

'नडी' म्हणजे कानडीत 'चाल', आणि बसवा हे बैलाचं नाव. मडिवाळप्पांच्या घरात कानडी चालते, दुकानात मराठी, आणि बैलाला दोन्ही समजतात असं ते सांगतात. त्याची खात्री करणं कठीण आहे. मात्र ते बोलायचे थांबले की बैल थांबतो, हे बोळातल्या कोणालाही विचारावं. म्हणून ते थांबत नाहीत. गिऱ्हाईक आलं की त्याच्याशी बोलतात, पण बैलाच्या कानावर पडेल एवढ्या मोठ्यानं. पत्नी काशम्मा आतून काही म्हणाल्या तर त्यांनाही तसंच उत्तर जातं. त्यामुळे या घरातली कुठलीही गोष्ट गल्लीपासून लपलेली नाही.

त्या दिवशी आलेले मास्तर म्हणजे धुळाप्पा. एका हायस्कुलात ते ड्रिल शिकवतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत व्यायामशिक्षकांचा वर्ग करून आल्यापासून त्यांना एका प्रश्नानं धरलं आहे: माणूस एकटा व्यायाम करतो तेव्हा आणि कोणी बघत असताना करतो तेव्हा फरक पडतो का? अमेरिकेत एका अभ्यासकानं सायकलस्वारांवर हे तपासलं होतं. सोबत कोणी असलं की तेच स्वार जास्त वेगानं जातात, असं त्याला दिसलं. मास्तरांना सायकलींऐवजी पैलवान हवे होते, आणि मडिवाळप्पा पहाटे बोळामागच्या तालमीत वस्ताद असतात.

"तुमच्या पोरांवर थोडा प्रयोग करायचा आहे, वस्ताद."

"कापाकापी न्हाय ना?"

"छे हो! नुसते जोर मोजायचे."

"मोजा की मग. मोजल्यानं कमी व्हत न्हाईत. नडी रे, नडी!"

मडिवाळप्पांचं वय साठीच्या आतबाहेर आहे. अंगानं ते अजून रुंद आहेत, उजवा खांदा मात्र डाव्यापेक्षा खाली उतरलेला. त्यांच्या तरुणपणी याच तालमीत जे वस्ताद होते, ते बोलत नसत. चूक झाली की काठी बसे. कशाबद्दल, ते ज्याचं त्यानं ओळखायचं. एकदा मडिवाळप्पांनी चुकीचं ओळखलं, डाव उलटा पडला आणि गळ्याखालचं हाड मोडलं. ते वाकडंच सांधलं आणि त्यांची कुस्ती तिथं संपली. वस्तादकी हाती आल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी काठी तोडून काशम्मांच्या चुलीत घातली आणि ठरवलं की पोरांना सगळं तोंडानं सांगायचं.

ते सगळंच सांगतात. मातीच्या हौद्याच्या काठावर उभं राहून त्यांचं चालू असतं: "पाय मागं. हात सोड. आता धर. हिकडं बघ, त्याच्या तोंडाकडं न्हाय, कमरेकडं. हां, वळ आता." ऐकणाऱ्याला क्षणभर वाटतं, कुस्ती तेच खेळताहेत आणि हौद्यातले दोघे फक्त हात-पाय पुरवताहेत. पोरं त्यांच्यावर जीव टाकतात. आठ-नऊ वर्षांत या तालमीत कोणाचं हाड मोडलेलं नाही.

या पोरांत सगळ्यात चांगला हिंदुराव. मोडनिंबचा, बाविशीतला, उंच, आणि चालताना जमीन दुखेल की काय अशा बेतानं पाय टाकणारा. तालमीत त्याला कोणी पाडू शकत नाही. पण सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या कुस्त्यांत तो लागोपाठ दोन वर्षं पडला, तेही तालमीत ज्यांना त्यानं सहज लोळवलं असतं अशांकडून. त्याचे वडील कोंडीबा जोंधळ्याचं पीठ पोचवायला आले तेव्हा घाण्यापाशी उभं राहूनच बोलले.

"वस्ताद, घरची म्हस पोरामागं हितं धाडली. धाकटी दोघं कोरा च्या पित्यात. ह्या गड्ड्याला पडला तर म्हस आन पोरगं दोनी माघारी नेणार मी."

"म्हैस न्या," काशम्मा आतून म्हणाल्या, "पोरगं ऱ्हाऊ द्या. म्हैस लाथा मारतीया."

कोंडीबा हसले नाहीत. शेतात दोन हात कमी पडत होते आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हिंदुराव खाली मान घालून पिठाची पिशवी उचलून आत गेला. त्या दिवशी मडिवाळप्पा दुपारपर्यंत फक्त बैलाशी बोलले.

मास्तरांचे प्रयोग सुरू झाले. एकेका पैलवानाला ते आधी बंद खोलीत एकट्यानं जोर काढायला लावत, मग चार जणांसमोर. अमेरिकेतला अनुभव बाळीवेशीतही आला. बघणारे असले की सगळ्यांचे जोर वाढत, हिंदुरावचे सर्वांत जास्त. त्यामुळे मास्तर अडचणीत आले. जो माणसं बघून फुलतो तो मैदानात माणसं बघून पडतो कसा?

"जोर निराळे, कुस्ती निराळी," मास्तर म्हणाले. "कुस्तीत त्याला गर्दीची धास्ती बसत असणार. आपण तालमीतच गर्दी करून पाहू."

पुढच्या रविवारी त्यांनी हायस्कुलातला अख्खा वर्ग तालमीत आणून बसवला. पोरांनी कानठळ्या बसतील अशी आरोळी ठोकली. वस्ताद त्या आरोळीवर आपला आवाज चढवून नेहमीसारखे सांगत राहिले आणि हिंदुरावनं समोरच्याला हसत हसत चीत केलं. मुलं खूश झाली. मास्तर हिरमुसले.

"मग गर्दीचा काही संबंध नाही."

"मी सांगतो काय त्ये," मडिवाळप्पा म्हणाले. "दिष्ट लागती त्याला. देखणा हाय." त्यांनी काळ्या दोऱ्याची व्यवस्था केली.

डिसेंबर संपता संपता थंडी वाढली आणि करडईच्या धुरळ्यानं मडिवाळप्पांचा घसा धरला. दुसऱ्या दिवशी आवाज साफ गेला. तरी पहाटे ते तालमीत गेले आणि काठावर मुकाट उभे राहिले. प्रेक्षक कोणी नव्हते, फक्त रोजची पोरं. हिंदुरावची जोड गुरप्पाशी लागली. गुरप्पा त्याच्याहून वजनानं कमी, अनुभवानंही कमी. दोघं भिडले. हिंदुरावनं पकड घेतली आणि तसाच उभा राहिला. त्यानं काठाकडं पाहिलं. वस्तादांनी हातवारे केले, ते त्याला कळले नाहीत. तेवढ्यात गुरप्पानं त्याला खाली घेतलं आणि पाठीवर टाकलं. गुरप्पालाच इतकं ओशाळल्यासारखं झालं की तो हात जोडून उभा राहिला.

वस्ताद घरी आले, बैल जुंपला आणि लाटेवर बसले. बैल हलेना. त्यांनी दोरी ओढली, पाठीवर थाप मारली. त्यानं कान टवकारले, एक पाऊल टाकलं आणि पुन्हा थांबला. शेवटी काशम्मा लाटण्यासकट बाहेर आल्या आणि "नडी!" म्हणून ओरडल्या. बैल चालू लागला. तालमीतली बातमी त्यांना गुरप्पानं मघाशीच सांगितली होती.

"दोघांस्नी एकच खोड लावलीत की तुमी," त्या म्हणाल्या. "ह्याला तरी झापडं हायत. त्या पोराला डोळे असून काय उपयोग?"

मडिवाळप्पा लाटेवरून उतरले. ते ओट्यावर जाऊन बसले आणि डोक्यावरचा रुमाल सोडत आणि पुन्हा बांधत राहिले.

संध्याकाळी मास्तर आले तेव्हा काशम्मांनीच सगळं सांगितलं. मास्तरांचा चेहरा उजळला. गर्दी होती आणि वस्तादांचा आवाज होता, तेव्हा पोरगा जिंकला. गर्दी नव्हती आणि आवाजही नव्हता, तेव्हा हरला. गड्ड्यावर हलगी अशी कडाडते की वस्ताद कितीही ओरडले तरी आवाज पोचत नाही.

"प्रयोग पुरा झाला, वस्ताद! दोन्ही बाजूंनी!"

मडिवाळप्पांनी घोगऱ्या आवाजात एवढंच विचारलं, "आता काय करायचं?"

मास्तरांकडे दोन उपाय होते. रोज हलगीवाल्याला तालमीत बोलवायचं, हा सोपा. दुसरा, घसा बरा झाला तरी वस्तादांनी बोलायचं नाही. दुसरा ठरला. गड्ड्याला तीन आठवडे उरले होते.

घसा चार दिवसांत बरा झाला आणि त्यानंतरचे दिवस मडिवाळप्पांच्या आयुष्यातले सर्वांत अवघड असावेत. पहिल्या पहाटे ते जेमतेम पहिल्या पकडीपर्यंत टिकले. मग काशम्मांनी युक्ती काढली: हौद्यावर उभं राहायचं ते तोंडात पाण्याची चूळ धरून. पाणी होतं तोवर तोंड मिटलेलं राहिलं. हिंदुरावनं एक पाय चुकीचा टाकला आणि सगळं पाणी पुढं बसलेल्या गुरप्पाच्या टाळूवर गेलं.

"वस्ताद, मी काय केलं वो?" गुरप्पा म्हणाला.

मडिवाळप्पांनी खुणेनं पुन्हा तांब्या मागितला.

हिंदुरावचे हाल बघवत नव्हते. तो रोज पडत होता. एकदा कुस्ती अर्ध्यावर सोडून तो काठाशी आला.

"वस्ताद, माझ्यावर रागावलाव व्हय? चार शिव्या द्या, पर बोला की."

मडिवाळप्पांनी पाणी गिळलं. मग पुन्हा चूळ भरली आणि त्याच्याकडे पाठ केली. मास्तर तिथं होते. ते सांगतात, पाठमोऱ्या वस्तादांचा तो उतरलेला खांदा हलत होता. हसू होतं की दुसरं काही, हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी हिंदुराव पुन्हा हौद्यात उतरला तेव्हा काठाकडं बघण्यात अर्थ उरला नव्हता. तिथं फक्त पाठ होती. तो समोरच्याकडं बघू लागला. आठवडाभरानं त्यानं गुरप्पाला पाडलं. कुठल्या डावानं, ते मडिवाळप्पांनी बघितलंच नव्हतं. त्यांना ते इतरांकडून ऐकावं लागलं आणि त्यांनी ते तीनदा ऐकलं.

मास्तरांनी हाच धडा शाळेतही लावून पाहिला. ड्रिलच्या तासाला 'एक-दोन-तीन-चार' म्हणायचं बंद केलं. पहिली रांग बसली तेव्हा शेवटची उभी होती आणि मधली गप्पा मारत होती. हेडमास्तरांनी खिडकीतून पाहिलं. प्रयोग एका तासात संपला.

गड्ड्याच्या मैदानात आज, रविवारी, हिंदुरावची जोड अकलूजच्या मानसिंगशी लागली. मानसिंग जाड मानेचा आणि घाईचा. कोंडीबा सकाळीच येऊन पुढं बसले होते. मडिवाळप्पा म्हाताऱ्या वस्तादांच्या रांगेत, हलगीच्या अगदी जवळ. आज पाण्याची गरज नव्हती, ओरडून उपयोगच नव्हता. तरी त्यांचे ओठ हलत होते.

सुरुवातीलाच मानसिंगनं हिंदुरावला खाली घेतलं आणि पाठीवर बसून मान दाबायला लागला. शेजारच्या वस्तादांनी "गेली" असं म्हणून मान हलवली. हिंदुराव उठायची धडपड करीना. तो गुडघे आणि कोपरं मातीत रोवून तसाच राहिला. लोक हसायला लागले. कोंडीबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मानसिंगला घाई होती. त्यानं हात पुढं लांब घातला. हिंदुरावनं तो काखेत आवळला आणि कुशीवर वळला. मानसिंगच्या पाठीला माती लागली तेव्हा त्यालाच ते उशिरा कळलं.

गर्दीतून वाट काढत कोंडीबा वस्तादांपाशी आले.

"ह्यो डाव तुमी शिकिवला व्हय?"

"हात आवळायचा शिकिवला. पडून ऱ्हायाचं न्हाय." मडिवाळप्पांनी डोळे पुसले. माती लई उडतीया, असंही म्हणाले. "मला बोलता आलं असतं तर 'ऊठ' म्हटलो असतो. आन उठला असता तर पडला असता."

"मग तुमचं काय काम उरलं हितं?"

"त्येच कळंना झालंय. पर दुसऱ्या पोरांस्नी अजून लागतोय की मी."

हिंदुराव आला, दोघांच्या पाया पडला आणि बापासमोर उभा राहिला. त्याच्या केसांत माती होती. कोंडीबांनी त्याच्या कानाकडं बघितलं. कान सोलला होता.

"तुझ्या आईला काय सांगू?"

"पुढच्या गड्ड्याला ये म्हणावं."

"सांगतो," कोंडीबा म्हणाले आणि पागोटं डोक्यावर घातलं. त्यांना कुर्डुवाडीकडे जाणारी गाडी धरायची होती.

उद्या सोमवार. या तालमीत सोमवारी कुस्ती होत नाही. पहाटे हौद्यातली माती उकरून चाळतात. चाळण्याची पाळी हिंदुराव आणि गुरप्पाची आहे.