वायपरच्या मोटरचं कोटेशन

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी कंपूत निम्मे लोक गाड्यांचे पार्ट बनवतात आणि उरलेले निम्मे त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांकडे तेच पार्ट बनवतात. त्यात मला नसत्या चौकशांची खोड. मग किस्से साठणार नाहीत तर काय!

*

एके दिवशी ईमेल आली. काही कंपन्यांनी कुठली ऑर्डर कुणी घ्यायची हे आपापसांत ठरवून पार्टचे भाव चढे ठेवले, त्यांच्यावर सगळ्या ग्राहकांच्या वतीने क्लास अ‍ॅक्शन खटला झाला, तुम्ही नवी गाडी घेतली असेल तर भरपाई मागा. मी स्पॅम समजून उडवली. बायकोने, मेघनाने, तिला आलेली नीट वाचली आणि म्हणाली, "अरे, यादीत तुझीच कंपनी आहे."

*

मग ऑफिसात ट्रेनिंग: बाहेर भावाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. प्रतिस्पर्धी कंपनीचं कुणी भेटलं की फॉर्म भरायचा. मेघना नेमकी तसल्याच कंपनीत. मी इमानदारीत भरला. भेटीचं ठिकाण: स्वयंपाकघर. किती वेळा: रोज. लीगलने विचारलं, चर्चेचा विषय? मी लिहिलं, "आज भाजी काय." दोन दिवसांनी मंजुरी आली.

*

तेव्हापासून घरोघरचे पदार्थ आणून होणाऱ्या आमच्या पॉटलकला सगळेच सावध. परवा कुणीतरी सहज विचारलं, हापूसची पेटी केवढ्याला पडली? तीन इंजिनिअर ताट घेऊन उठून गेले!

*

करंदीकर काका मात्र बसून राहिले. काका आमच्याच कंपनीच्या कॉस्टिंगमधून रिटायर झालेले. वायपरच्या मोटरची गोष्ट ते प्रत्येक नवख्याला सांगतात. तीन आठवडे खपून, एकेका स्क्रूची किंमत खाली आणून त्यांनी कोटेशन बनवलं, तरी ऑर्डर दुसऱ्या कंपनीला गेली. साहेब म्हणाले, तुमच्यापेक्षा स्वस्त कुणीतरी दिलं. आपण चुकलो कुठे, हे काका अठरा वर्षं शोधतायत.

मी विचारलं, काका, क्लेम केलात का? त्यांना काही माहीतच नव्हतं. मी फोनवर नोटीस दाखवली. यादीत वायपरच्या मोटरी होत्या. काकांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि न जेवताच घरी गेले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो, तर काका खटल्याच्या हेल्पलाइनवर, स्पीकर ऑन. पलीकडची मुलगी विचारत होती, गाडी कोणत्या वर्षी घेतली?

"भरपाई राहू दे," काका म्हणाले. "तुमच्याकडे सगळे कागद असतील ना? माझं कोटेशन साहेबांनी पाठवलं तरी होतं का, तेवढं बघून सांगा."

ती गडबडली. वरिष्ठांना विचारून येते, थोडं थांबाल का, म्हणाली.

"थांबतो की," काका म्हणाले. "अठरा वर्षं थांबलोय."