चाकाची हवा अन् माहं लेकरू

परसाल आमच्या भासऱ्याइनं, म्हंजे ह्याइच्या मोठ्या भावानं, अकोल्याहून ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टर पोचवाले दुकानाचा माणूस घरी आल्ता, त्यानं हवा मोजाची एक नळी देल्ती, पेनासारखी. मागच्या मोठ्या चाकात हवा कमीच ठेवा म्हणे, पोट जरा भुईले दबलं पाह्यजे. मी दाराआडून ऐकलं. मी चौथी शिकलेली, मले समजलं. भासऱ्याइनं ती नळी सदऱ्याच्या खिशाले लावली अन् हिवरखेडच्या बाजारात मिरवली. चाकाले कधी लावली नाई. चाकाले लाथ मारून पाहत, टणटण वाजलं म्हंजे हवा बरोबर. दबलेलं चाक दारात दिसलं त लोक म्हणतीन घरात खायाले नाई, असं त्याइचं शास्त्र. अन् आमचे हे, मॅट्रिक झालेले, भावापुढं मान खाली घालून पंप मारत. "अजून मार." हे अजून मारत. काळ्या मातीत ते ताठ चाक जागच्या जागी फिरे, तवा म्हणत मातीच खराब.

चैतात एका दुपारी पुढचं चाक फुटलं. मी भाकरी घेऊन वावरात पोचतच होती. असा आवाज, बैलं दावं तोडून पळाले, रबराच्या तुकड्यानं पाण्याची घागर फुटली. भासरे म्हणे, नजर लागली. लिंबू-मिरची बांधली, नवं चाक बसवलं, अन् सगळे चाकं आधीपेक्षा कडक केले. अकलेचे कांदे.

अन् माहं लेकरू चार महिन्याचं. वावरात झाड नाई, सासूबाई त्याची गोधडी रोज मागच्या चाकाच्या सावलीत टाकत. तेही चाक फुटलं त, हेच माह्या डोक्यात. आमच्यात भासऱ्यापुढं तोंड उघडाचं नसते, म्हणून त्याइच्या बायकोले म्हटलं, "जाऊबाई, त्याइले सांगा ना, हवा कमी करा."

"लग्न झाल्यापासून सांगून राहिली का घोरू नका. ते झालं काय?"

"मंग ट्रॅक्टर त हलवाले सांगा."

"सावली देते वं तो. तेवढंच त काम करते."

ह्याइले म्हटलं, त हे म्हणे, "दादा पाह्यतीन." दादा पान खाऊन पडले होते. ते काय पाह्यतीन.

दुसऱ्या दिवशी चाकाले हात लावला त चटकाच बसला. लेकरू उचललं, जाऊबाईजवळ देलं. पण उद्या सासूबाई पुन्हा तिथंच निजवतीन. मी खाली बसली, चाकात हवा भराच्या तोंडाचं टोपण काढलं अन् कुंपणातल्या बाभळीच्या काट्यानं आतली पिन दाबली. हवा सूं करून सुटली. मी पिन दाबूनच धरली.

भासरे धावत आले. ह्याइले म्हणे, "तुही बायको पगली झाली काय?"

माहा पदर खाली पडला होता, मी घेतला नाई. जन्मात पहिल्यांदा त्याइच्या तोंडावर बोलली, "दादा, इथं लेकरू निजते. चाक कडकच पाह्यजे असंन त तुमी निजा इथं."

त्याइलेही माह्याशी बोलता येत नाई, रीतच तशी. म्हणून ट्रॅक्टरकडं पाहून म्हणे, "तिले सांगा, चाक खराब होते."

"निजा ना," जाऊबाई म्हणे, "गोधडी टाकेलच आहे."

त्याइनं गोधडीकडं पाह्यलं, चाकाकडं पाह्यलं, अन् दोन पावलं मागं सरकले. म्हंजे समजत होतं त्याइले. स्वतःपुरतं समजत होतं. मी काटा सोडला नाई.