बगलेची कळी

डोंगरावरचं कोरडं वारं रात्रीत उतरलं होतं आणि खाली समुद्र घासलेल्या ताटासारखा लखलखत होता. सान रेमोच्या उतारावरच्या वाफ्यांत अशा रविवारी सकाळी काम उरकून मगच सगळे चर्चला जातात. मानेना पांढऱ्या कार्नेशनांपुढं उकिडवी बसली होती. एका फुलाच्या पाकळ्या तिनं उपटल्या, परागाच्या पिशव्या फुटायच्या आत चिमट्यानं काढून टाकल्या, आणि उरलेल्या बोडक्या फुलाला कागदाचं टोपडं घालून दोरा बांधला. मी तिची खालच्या वाफ्यातली शेजारीण. नवरीला टोपडं कशाला, म्हणून मी चिडवायची. तर म्हणायची, वाऱ्याबरोबर आलेला कुठलाही भटक्या जावई करून घ्यायचा का?

ही पांढरी फुलं एका गुलाबी फुलाच्या परागासाठी तयार होत होती. पण तिचा जीव गुंतला होता तो लाल झाडात. मेलेल्या नवऱ्यानं जपलेली ती जात, लवंगेसारखा वास. मूळकुजीनं सगळी गेली, एकच झाड उरलं होतं. त्याचं मोठं फूल सुकलं, म्हणून तिनं पानाच्या बगलेतली एक कळी मुद्दाम राखली होती. वास आईकडूनच येतो, म्हणून लाल कळीच आई व्हायला हवी, हा तिचा हट्ट. कळी आज-उद्या उमलायची होती.

ती चर्चला गेली आणि तिचा धाकटा भाऊ बाची मदतीला आला. आमच्याकडं बगलेच्या कळ्या खुडतात, म्हणजे वरचं फूल मोठं होतं. लहानपणापासून तेच करत आलेल्या माणसाचा अंगठा डोक्याला विचारत नाही.

मानेना परतली तेव्हा तो खुशीत होता.

"ताई, सगळ्या बगला साफ केल्या बघ."

"लाल झाडाची कळी?"

"ती पण."

ती बांधावर बसली. तो घाबरला तो त्यानंच. ती म्हणाली, "कुठं टाकलीस रे?"

बाची गुडघ्यांवर बसून कचऱ्याचा ढीग उपसायला लागला. एकेक कळी नाकाला लावायची, टाकायची. बऱ्याच वेळानं थांबला आणि एक तिच्या हातावर ठेवली.

खुडलेली कळी आता आई होणार नव्हती; तिनं ती नखानं उकलली. दाट पाकळ्यांत परागाच्या पिशव्या चारपाचच होत्या. त्या बशीत पसरून चुलीजवळ ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या फुटून भुकटी झाली. त्या पांढऱ्या फुलातली पराग झेलणारी दोन शिंगं वळून लवदार झाली, तेव्हा तिनं टोपडं काढलं, कुंचल्यानं ती भुकटी त्यांना अलगद लावली आणि पुन्हा टोपडं घातलं. गुलाबी नवरा राहिला बाजूला.

"वास आईकडूनच येतो म्हणायचीस," बाची लांबून बोलला.

"बापाचं नाक पोराला येतं, मग वास यायला काय धाड भरलीय?"

पुढं शिंगं वाळली आणि फुलाचं पोट हळूहळू फुगलं. बी धरलं होतं. वास उतरला की नाही, ते रोपं फुलल्यावरच कळणार. मानेनानं त्या फुगीर पोटावरनं बोट फिरवलं, बाचीला झारी भरून आणायला सांगितलं आणि भिजत घातलेले पावटे सोलायला आत गेली.