ओहोटीचा उतार

"एक ओळ आहे, ताई! एका ओळीपायी सकाळपासून तोंड फुगवून बसली आहेस."

"मग तूच कर ना सही. ओळ तुझी, अक्षर तुझं."

"माझी चालली असती तर तुझ्या पाया कशाला पडलो असतो? आखणी तुझी होती. जहाजवाल्यांना तुझी सही हवीय. बाराच्या आत."

"आणि नाही केली तर?"

"तर उद्याची अकरा माणसं डेकवर बसून लांबून गाव बघतील. फोन करून तूच सांग त्यांना. तुझीच लाडकी आहेत."

धाकट्या भावाने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. लहानपणापासून त्याला ते जमायचं. ताईने कागद उलटा करून ठेवला आणि वर पेपरवेट आदळला.

पोस्टाच्या मागच्या गल्लीत त्यांची एक खोली होती. टेबलं दोन, खिडकी एक, दाराशी घडी घातलेली चाकाची खुर्ची. जहाज सकाळी धक्क्याला लागायचं, संध्याकाळी सुटायचं. मधल्या वेळात धडधाकट माणसं बसमध्ये चढून भटकायला जायची. जी चढू शकत नाहीत त्यांचा दिवस ताई आखायची. बावीस वर्षं आखत होती. बंदरावर तिला मोजणीबाई म्हणायचे. पर्समध्ये कंगवा एखादे वेळी नसेल, पण मोजायची टेप आणि गवंड्याची पाणसळ असणारच.

प्रवाशाला ती फोनवर कधी "काय झालंय तुम्हाला?" असं विचारायची नाही. विचारायची, "कुठे अडतं?" मग माणसं मोकळी व्हायची. कुणाचं तिसऱ्या पायरीला अडायचं, कुणाचं बाहेरच्या संडासाच्या दाराशी. एका मुलीला गर्दीचा आवाज दहा मिनिटंच सोसायचा, अकराव्या मिनिटाला ती कान दाबून खाली बसायची. ताई ते सगळं कार्डावर लिहायची. दोन प्रती. एक स्वतःकडे, दुसरी खुर्ची ढकलणाऱ्याच्या खिशात.

आणि जहाज यायच्या आदल्या दिवशी ती स्वतः खुर्चीत बसायची. ड्रायव्हर ढकलायचा. आंधळ्या माणसासाठी रस्ता बघायचा असेल तर डोळ्यांवर रुमाल बांधून ड्रायव्हरचं कोपर धरायची. एकदा अशीच गटारात गेली. ड्रायव्हर पोट धरधरून हसला. तिने गटारातूनच फर्मान सोडलं, "हस नंतर, आधी ही गल्ली खोड!"

उद्याचीही सगळी तयारी झाली होती. अकरा कार्डं टेबलावर पडली होती. त्यातल्या एका बाईने चार वेळा फोन केला होता आणि चारही वेळा एकच विचारलं होतं, समुद्राच्या पाण्याला हात लावता येईल का? खुर्चीतून? ताईने त्यासाठी जुन्या बर्फ कारखान्यामागची उतरण शोधून काढली होती. भरतीला पाणी थेट चाकापर्यंत यायचं.

भरती-ओहोटी आता ती तासावार लिहायची. आधी लिहीत नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी समोरच्या बेटावरची सहल होती. आदल्या दिवशी सकाळी दहाला ती बेटाच्या धक्क्यावर गेली. धक्का दगडी, जागचा न हलणारा. त्यावरून लाँचवर फळी टाकलेली. तिने पाणसळ ठेवली, बुडबुडा जवळजवळ मधोमध आला. तिने लिहिलं, 'फळीला उतार नाही, ठीक.' वेळ लिहिली नाही. माणसं मात्र परत निघायची होती चारला. तोवर पाणी उतरलं, पाण्याबरोबर लाँच उतरली, आणि तीच फळी घसरगुंडीसारखी उभी राहिली.

खुर्चीत एक रिटायर्ड मास्तर होते. बायको आधीच लाँचमध्ये जाऊन पाठमोरी बसली होती. खुर्ची धाकट्याच्या हातात होती. उतारावर खुर्ची उलटी न्यायची असते, माणसाची पाठ उताराकडे. त्याने सरळ नेली. मास्तर लाँचच्या कठड्यावर आपटले. जहाज त्यांना सोडून निघून गेलं. नऊ दिवस ते इथल्या दवाखान्यात होते, दहाव्या दिवशी वारले. नऊही दिवस धाकटा तिथल्या बाकावर बसून होता. डबासुद्धा परत यायचा तसाच.

आता जहाजवाल्यांना जबाब हवा होता. धाकट्याने तो लिहून ठेवला होता: 'प्रवासी स्वतःच्या आग्रहाने उतरले.'

"मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, ताई?" तो आता हळू बोलत होता. "आपण बंद पडलो तर या लोकांना गाव दाखवणारं कोण आहे? कुणी नाही. तूच म्हणतेस ना?"

"म्हणते."

"मग कर की सही."

ताईने खण उघडून एक कार्ड काढलं. चष्मा नाकावर ढकलला आणि वाचलं, "'उताराला घाबरतात. आधी सांगणे. खुर्ची उलटी उतरवणे. घाई करू नये.' फोनवर त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं हे. हसून सांगितलं, म्हणाले, पोरं हसायची मला. याची दुसरी प्रत तुझ्या खिशात होती."

"तिथे काय कार्डं वाचत बसायचं होतं? जहाज सुटत होतं!"

"जहाज सहाला होतं. चार वाजले होते."

"मोजलं कुणी? 'ठीक' असं लिहिलं कुणी?" त्याचा आवाज चिरकला. "मी लिहिलं का?"

"नाही. मी लिहिलं." तिने वहीखालून दुसरा कागद काढला. "भरतीला मोजलं आणि ओहोटीला माणसं उतरवायला सांगितली. बंदरावर केस पांढरे करून! हा बघ माझा जबाब. सहीसुद्धा केलीय."

त्याने उभ्याउभ्याच वाचला. वाचता वाचता खुर्चीची पाठ धरली.

"वेडी झालीस तू. हे गेलं की उद्याचं जहाज गेलं. परवाचंही गेलं. आपल्याला कुणी धक्क्यावर उभं करणार नाही."

"नाही करणार."

"आणि ती पाण्याला हात लावणारी?"

ताईने अकरा कार्डांचा गठ्ठा उचलला, कडा जुळवल्या, पुन्हा खाली ठेवला.

"तिला मी फोन करीन," ती म्हणाली. "पण माझ्या सहीखाली मी जागा सोडलीय. तुझ्यापुरती. मी तिथे नव्हते, तू होतास. तेवढंच सांग मला. फळीवर खुर्ची सरळ घातलीस तेव्हा मास्तर नको म्हणाले होते का?"

धाकटा खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर ड्रायव्हर व्हॅन धूत होता. चाकाची खुर्ची चढवायची फळी आपटून आपटून कोरडी करत होता. प्रत्येक आवाजाला धाकट्याचा खांदा दचकत होता.

"बाळ्या, मी विचारतेय. नको म्हणाले होते?"

त्याने ताईचा जबाब टेबलावर ठेवला, सरळ, कडेला कड लावून. सहीखालची जागा कोरीच होती. मग दाराशी गेला, वाटेतली चाकाची खुर्ची हलक्या हाताने बाजूला सारली, आणि चपला न घालताच गल्लीत उतरून चालू लागला.