अण्णांचे हुंदके

रडायला काय लागतं? अंधार आणि चार आण्यांचं तिकीट. जुन्या जालन्यातले एकेक बडे आडते, घरात सुनेला मान वर करू न देणारे, त्या वर्षी टॉकीजमध्ये ढसाढसा रडले. पिच्चर काय, तर दोन जातींतली पोरं, त्यांचं प्रेम, आणि शेवटी दोघंही मरतात. मेली म्हणूनच आवडली सगळ्यांना! जगून संसार थाटला असता तर ह्याच लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या.

आमचे वडील, अण्णा, यात सगळ्यांच्या पुढे. तिसऱ्या खेपेला त्यांनी आम्हा बायकांनाही नेलं. बायकांची बसायची जागा मधे लावलेल्या कापडी पडद्याआड. पण पलीकडून अण्णांचे हुंदके बराबर ऐकू येत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी थोरली बहीण, अक्का, मात्र कान देऊन ऐकत होती.

समोरच्या मारवाडी कापडवाल्याच्या मुलावर अक्काचा जीव होता. त्याचाही तिच्यावर. हे फक्त मला ठाऊक. इकडे अण्णांनी आष्टीचं एक बिजवर स्थळ जवळजवळ पक्कं करत आणलं होतं.

घरी जेवताना अण्णा पुन्हा डोळे पुसायला लागले. "त्या पोरीचा बाप माणूस न्हाई, कसाई हाय कसाई! लेकराचं मन कळंना त्याला?"

अक्कानं चुलीपाशी माझा हात धरला. "सांगू का गं?"

"सांग," मी म्हणाले. "आज पाघळलेत. असा मोका पुन्हा यायचा न्हाई."

तिनं सांगितलं. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. "पिच्चर येगळं, घर येगळं. येवढी अक्कल न्हाई तुला?" आवाजसुद्धा चढवला नाही. पंधरा दिवसांत त्या बिजवराशी लग्न लावलं, आणि पाठवणीला हेच गृहस्थ उपरण्यात तोंड खुपसून रडले. डोंबलाचं रडणं!

पहिल्या दिवाळीला अक्का माहेरी आली नाही. मंग मीच आष्टीला गेले. तिनं जेवायला वाढलं, पण जवळ बसली नाही. मी अण्णांना शिव्या घालायला लागले. ढोंगी म्हणाले, नाटकी म्हणाले, तोंडाला येईल ते म्हणाले.

ती भाकरी थापत ऐकत राहिली. मंग म्हणाली, "अण्णा कसे हायत ते मला म्हाईत होतं. आम्ही दोघं पिच्चरनंतरच्या शनिवारच्या गाडीनं हैदराबादला पळून जाणार होतो. तू सांग म्हणालीस, म्हणून राहिले."